चावी फिरवली की सुरू

गाडी विकायला काढल्यापासून आठ महिन्यांत आमच्या घरी चहापत्तीचा खप दुप्पट झाला, गाडी मात्र जागची हलली नाही. येणारा प्रत्येक जण गाडीभोवती एक फेरी मारायचा, टायरला लाथ घालायचा, बॉनेट उघडून आत बघायचा, मग ते अगदी हळुवारपणे बंद करायचा आणि म्हणायचा, "चहा चांगला झालाय हं, काकू."

गाडी अठरा वर्षं माझ्याकडे होती. कागदोपत्री रंग चंदेरी. जिल्ह्याच्या कचेरीत कारकुनी करत असताना कर्ज काढून घेतलेली, त्यामुळे तिच्यावर माझा जीव. तिच्यात तीन गोष्टी होत्या. दोष म्हणणार नाही, सवयी म्हणू. पहिली, डावीकडचं पुढचं दार उघडत नसे. ते एका कडुनिंबाने कायमचं बंद केलं होतं. कडुनिंब जागेवरच होता, वळत मी होतो. तेव्हापासून बायको मागच्या सीटवर बसायची आणि मी पुढे एकटा. आम्ही राहतो त्या सावेडीतल्या नव्या लोकांचा बरेच दिवस असा समज होता, की बाई कुठल्या तरी मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि ड्रायव्हर जुना, विश्वासू आहे. एका लग्नात तर मला ड्रायव्हर मंडळींच्या पंगतीला बसवलं. वाढप चांगलं होतं, म्हणून मी तिथंच पोटभर जेवलो.

दुसरी सवय मागच्या सीटची. बायको अधूनमधून म्हणायची, "अहो, डावीकडं काहीतरी टोचतंय." मी आरशातून बघत म्हणायचो, "तुझा भ्रम आहे. कंपनीची सीट आहे ती." मागच्या सीटवर मी स्वतः कधी बसलो नव्हतो. बसायचं कारणच काय?

तिसरी सवय जरा नाजूक. गाडीचा सेल्फ गेला होता. चावी फिरवली की आतून नुसतं 'टक्' व्हायचं, जणू कुणीतरी जीभ टाळूला लावून नकार देतंय. गॅरेजवाला दोन वर्षं सांगत होता, "साहेब, सेल्फ बदलून टाका, लेकरासारखी चालू होईल." पण मला गरज काय होती? आमच्या गल्लीत रोज सकाळी पाच-सहा निवृत्त मंडळी फिरायला निघायची. मी फाटकासमोर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून बसायचो. ते यायचे, मागे हात लावायचे, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचो आणि गाडी खोकत खोकत जिवंत व्हायची. त्यांचा व्यायाम व्हायचा, माझं काम व्हायचं. त्यांच्यातल्या एकाची साखर त्यामुळे आटोक्यात आली, असं मी आजही मानतो.

तरीपण गाडी विकायची ठरली. हिने स्कूटर घेतली, मी तिच्या मागे बसून भाजीला जाऊ लागलो आणि फाटकासमोरची सगळी जागा त्या चंदेरी संस्थानाने अडवलेली. मी मोबाईलवर जाहिरात टाकली. संगमनेरहून एक तरुण आला, त्याने गाडीऐवजी स्वतःचेच तिच्यासोबत फोटो काढले आणि गेला. पुणतांब्याचे एक शेतकरी मात्र दोन बस बदलून आले. शांत माणूस. बॉनेटमध्ये बराच वेळ डोकं घालून होते. बाहेर आले, हात पुसले, दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. ही इकायची गाडी न्हाई. ही सांभाळायची गाडी हाय. आमच्याकडं बी एक म्हस हाय अशी."

त्या दिवसापासून बायको गाडीला म्हैसच म्हणू लागली.

अशात एप्रिल आला आणि जयंतीला गावी गेलो. माझं गाव पाथर्डीच्या पलीकडे, कोरड्या भागात. आम्ही गेलो ते अर्थात बसने. गावच्या विहारासमोर मंडप, माइक, निळे झेंडे. गावातून शिकून बाहेर पडलेल्यांचा सत्कार होता. मला शाल आणि गुलाबाचं फूल मिळालं. माझ्या आधी चार सत्कार झाले होते आणि आमच्याकडची रीत अशी, की शाल अंगावर पडली की माणसाने माइकवर काहीतरी जाहीर करायचं. पहिल्याने विहाराला चार पंखे दिले. दुसऱ्याने पाण्याचा कूलर. तिसऱ्याने वाचनालयाला कपाट. चौथा माझ्याच वर्गातला, शाळेत सगळे पाढे माझ्याकडून उतरवून घेणारा. त्याने सतरंज्या जाहीर केल्या आणि खाली उतरताना माझ्याकडे बघून हसला.

त्या हसण्याने घात केला.

मी माइक हातात घेतला. समोर पुढच्याच रांगेत गावच्या आशाताई बसल्या होत्या. आशाताई म्हणजे घरोघर जाऊन औषधपाणी बघणारी आरोग्य खात्याची कार्यकर्ती. नात्याने माझ्या चुलत भावाची लेक, मला तात्या म्हणते. तिनेच थोड्या वेळापूर्वी मला सांगितलं होतं, की दसऱ्याच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं, जाताना टेम्पो, मोटारसायकली सगळं घेऊन जातं आणि मागे राहतात फक्त म्हातारी माणसं. रात्री-अपरात्री कुणाचं दुखलं, तर तालुक्याहून गाडी येईपर्यंत वाट बघावी लागते. गेल्या वर्षी एका आजीला तिने दूध न्यायला बाहेरून येणाऱ्या टेम्पोत कॅनच्या मधे बसवून नेलं होतं. आजी वाचली, पण अजून दुधाचा वास आला की तोंड फिरवते.

"मी," माझा आवाज कर्ण्यातून माझ्याच कानावर आला आणि मला तो फार आवडला, "मी माझी मोटार गावाला अर्पण करतो! आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यायला. साधीसुधी नाही. चावी फिरवली की सुरू!"

टाळ्या किती वेळ वाजत होत्या ते सांगत नाही. सतरंजीवाल्याचा चेहरा मात्र मी अजून जपून ठेवलाय.

खाली बायकांच्या रांगेत आमची ही बसली होती. तिने टाळी वाजवली नाही. ती माझ्याकडे, डॉक्टर रिपोर्टकडे बघतात तशी बघत होती. परतीच्या बसमध्ये करंजी घाट येईपर्यंत तिने माझ्या शालीची घडी तीनदा घातली. मग म्हणाली, "चावी फिरवली की काय होतं, ते मला एकदा सांगा बरं."

"सेल्फ टाकून घेऊ ना," मी म्हणालो. "वेळ आहे."

वेळ खरंच होता. मे गेला, जून गेला. विहार समितीच्या नावावर गाडी करायचे कागद झाले, सह्या झाल्या. आशाताईचा फोन दर पंधरा दिवसांनी. "तात्या, गाडी कवा आनताय? ऊसतोडीचा मुकादम येऊन गेलाय, दसऱ्याच्या मागंपुढं मानसं निघत्याल. त्याच्या आधी पायजे बरं का. मी म्हाताऱ्यांना सांगून ठिवलंय, ह्या वर्साला काळजी न्हाई." मी दर वेळी म्हणायचो, "आणली समज." आणि दर वेळी गॅरेजकडे जायचं पुढच्या आठवड्यावर टाकायचो. दान करायच्या वस्तूवर पुन्हा खर्च, हे माझ्या कारकुनी मनाला काही केल्या पटेना. शिवाय गल्लीतली मंडळी रोज सकाळी ढकलतच होती. ज्या गोष्टीला रोज सकाळी पाच माणसं आपणहून येतात, ती बिघडलेली आहे असं कुणाला वाटेल?

शेवटी दसऱ्याआधीचा रविवार ठरला आणि मी एक योजना आखली. आजवर मी आयुष्यात ज्या ज्या योजना आखल्या, त्यांत ही सर्वांत सोपी होती: गाडी सावेडीत सुरू करायची आणि गावात चावी हातात देईपर्यंत बंद करायचीच नाही. पुढचं पुढे.

सकाळी मंडळींनी शेवटचा धक्का दिला. एकजण भावुक झाला. "आता आम्ही सकाळी करायचं काय?" म्हणाला. बायको मागे बसली, मांडीवर डबा. तिसगावला तिला चहा हवा होता. मी गाडी टपरीसमोर घरघरत ठेवली, हँडब्रेकवर विश्वास नव्हता म्हणून एक पाय ब्रेकवर ठेवला आणि काचेतून हात बाहेर काढून कप धरला.

"उतरून प्या की निवांत," चहावाला म्हणाला.

"घाई आहे."

"व्हय, पन मंग थांबलाय कशाला?"

मागून बायकोचा हसण्याचा आवाज आला. मी आरशात बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

गावात शिरलो तेव्हा शाळेसमोरून हलगी सुरू झाली. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या गेल्या. विहारासमोर मंडप. आमचं विहार गावाच्या वरच्या अंगाला आहे, तिथून रस्ता थेट खाली ओढ्यापर्यंत उतरतो. मी गाडी मंडपाच्या कडेला, तोंड उताराकडे करून उभी केली, चाकापुढे दगड लावून घेतला आणि इंजिन तसंच चालू ठेवून व्यासपीठावर गेलो. शाळेच्या गुरुजींनी थर्माकोलची हातभर लांब चावी केली होती, सोनेरी कागद चिकटवून. माझ्या मांडीवर ती ठेवण्यात आली.

वंदना झाली. प्रास्ताविक झालं. दुसरं प्रास्ताविक झालं. गाडी घुर्रर्र करत होती आणि मी काटा कुठे आला असेल याचा हिशेब करत होतो, कारण पेट्रोलही मी मोजून मापूनच घातलं होतं. दुसऱ्यांना पेट्रोल दान करायचं जाहीर केलं नव्हतं ना!

समितीने गाडी चालवायला माणूस ठरवला होता. गावचे ड्रायव्हरमामा. आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झालेले, अंगात अजून खाकी, मिशा हेडलाइटसारख्या स्वच्छ. ते गाडीभोवती फिरत होते. मी वरून बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांना विनवत होतो. त्यांनी टायर बघितले. आत डोकावले. मग मान हलवून आत हात घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली.

गाडी गप्प झाली. मंडपात इतकी शांतता पसरली, की माइकवरच्या वक्त्यालाही आपलंच बोलणं अचानक ऐकू आलं आणि तो थांबला.

मामा व्यासपीठाजवळ आले. "उगं तेल जळतंय, तात्या," ते अभिमानाने म्हणाले. "आन् फोटूत खरी चावी बी पायजे ना." त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. गरम होती.

फोटो निघाले. मी आशाताईच्या हातात दोन्ही चाव्या दिल्या, थर्माकोलची आणि खरी. तिचे डोळे पाणावले होते. म्हातारी मंडळी पुढे सरकली, एका आजीने गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवला. आणि मग सतरंजीवाला, जो कार्यक्रमाला न चुकता हजर होता, मोठ्याने म्हणाला, "आता एक चक्कर हून जाऊ द्या! चावी फिरवली की सुरू!"

मामा बसले. चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

"गार पडली असंल," मी म्हणालो.

"ऊन केवढं हाय तात्या, गार कशानं पडती?"

तेव्हा मी जे केलं त्याला माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. अंगावर शाल, गळ्यात हार अशा थाटात मी उडी मारून खाली उतरलो, "काही नाही, काही नाही, नुसता हात लावायचा असतो," म्हणत गाडीच्या मागे गेलो आणि कुणी यायच्या आत, एकटाच, साठी उलटलेला माणूस, सगळा जोर लावून ढकलू लागलो. चाकापुढचा दगड कुणीतरी काढला. गाडी हलली. पण माझ्या कमरेतून एक आवाज आला, सेल्फच्या आवाजासारखाच. टक्.

मी तिथेच, जमिनीला काटकोन करून उभा राहिलो. गाडी उतारावरून खाली सुटली. मामांनी कसलेल्या हाताने गिअर टाकला, गाडी खोकली, खोकली आणि ओढ्यापाशी पोचता पोचता सुरू झाली. हलगीवाल्याला वाटलं, कार्यक्रम असाच ठरलाय. त्याने जोरात वाजवलं.

मामा गाडी वळवून वर आले, इंजिन चालू ठेवून. आशाताईने मला बघितलं, पाठीवर एका जागी बोट ठेवलं, मी ओरडलो आणि तिने लगेच हुकूम सोडला. "मागं निजवा ह्येंला. काकी, तुमी बसा डोकं धरून. मामा, चला पाथर्डीला."

चौघांनी मला उचलून मागच्या सीटवर सरकवलं, डोकं बायकोच्या मांडीवर. आशाताईने डावं दार ओढून बघितलं, मग मामांना खाली उतरवून त्यांच्या दाराने सरकत सरकत पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. पहिल्याच खड्ड्याला माझ्या डाव्या बरगडीत काहीतरी घुसलं.

"आई गं! हे काय टोचतंय?"

बायकोने खाली वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं. घाई नव्हती तिला. "भ्रम असेल," ती म्हणाली. "कंपनीची सीट आहे."

मामांना हे कळलं नाही, पण ते हसले. आशाताई हसली नाही. ती मागे वळून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तात्या, खरं सांगा. ही रोज ढकलूनच चालू हुती का?"

कमरेत कळ असली की खोटं बोलायला लागणारी ताकद राहत नाही. मी सगळं सांगितलं. सेल्फ, गॅरेजवाला, सकाळची मंडळी, तिसगावचा चहा.

"म्हंजी चार मानसं लागत्यात," ती म्हणाली.

"पाच असली तर बरं."

तिने समोर रस्त्याकडे बघितलं. "तात्या, पुढच्या आठवड्यात गावात चार मानसं न्हाई ऱ्हाणार. मानसं नसत्यात म्हनून तर गाडी पायजे हुती." आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हाताऱ्यांनीच म्हाताऱ्यांना ढकलायचं का?"

मी गाडीच्या छताकडे बघत होतो. आतल्या कापडाला एक डाग होता, तो मी अठरा वर्षांत कधी बघितला नव्हता. आयुष्यात मी पुष्कळ फजित्या केल्या, त्या सांगून हशाही मिळवला, पण त्या पंधरा मिनिटांत मला हसवायला काहीच सुचलं नाही. ज्या आजीने बॉनेटवरून हात फिरवला होता, ती डोळ्यांपुढे येत राहिली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"दान करताना," बायको म्हणाली.

त्यांनी पेन थांबवलं. मग बहुधा नुसतं 'वजन उचलल्याने' असं लिहिलं. इंजेक्शन झालं, कमरेला पट्टा आला, तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं. मामा बाहेर गाडी चालू ठेवून बसले होते. पाथर्डीतल्या पंपावर त्यांनी स्वतःच्या पैशाने टाकी भरली होती, हे मला नंतर कळलं.

भाड्याच्या जीपने सावेडीत पोचल्यावर मी पहिलं काम आडव्यानेच केलं. गॅरेजवाल्याला फोन लावला. दोन वर्षं जे टाळत होतो त्याला एक फोन पुरला. तो नवा सेल्फ आणि बॅटरी पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गावी गेला. जाताना म्हणाला, "साहेब, गाडी तुमच्याकडं असताना बदलला असता, तर मला एवढा प्रवास पडला नसता." मी भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी आशाताईचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. मागे ट्रॅक्टरचे आवाज, बायकांची हाकाहाक, भांड्यांचा खणखणाट. गाव निघायची तयारी चालली होती.

"तात्या, ऐका," ती म्हणाली आणि फोन कुठेतरी धरला. चावी फिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गाडी सुरू झाली. मधे काहीच नाही. मी इतकी वर्षं तिच्यासोबत काढली, पण हा आवाज विसरूनच गेलो होतो. आशाताईने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. मला ऐकवण्यासाठी की स्वतःची खात्री करण्यासाठी, कोण जाणे.

"तरीबी मामा म्हनत्यात, उभी विहारापाशीच करायची, उताराला तोंड करून," ती म्हणाली. "उतार काय ऊसतोडीला जात न्हाई."

"बरोबर आहे त्यांचं."

"आन् तात्या, कंबर कशी हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत बायकोने फोन उचलला. "अगं, एक सांगायचं राहिलं. मागच्या सीटवर डावीकडं कुणाला बसवू नकोस हं. तिथं—"

"ठाव हाय, काकी. तिथं घोंगडी घातलीय, चार पदरी. तात्या वरडले तवाच जागा कळली."

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तेवढं मला अजूनही, कुणी न ढकलता, पहिल्या फटक्यात जमतं.